फुकटच्या ऑपरेशनचा खर्च: मोतीबिंदूसाठी घरातून निघण्याआधी काय काय जुळवायचं

म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात मोती आलाय म्हटलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, "किती लागतील?" ऑपरेशनला काही लागत नाही असं मी सांगते. सगळे मान डोलावतात, आणि तरी सहा महिन्यांनी जावं तर आजी तिथंच, त्याच बाजेवर, आवाजावरून माणूस ओळखत बसलेली. ऑपरेशन फुकट आहे हे गावाला कळून जमाना झाला. अडतं ते बाकीच्या पैशावर. एसटीचं तिकीट, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, शुगर वाढली म्हणून वाया गेलेली फेरी, संपलेले थेंब. या पैशाची पावती कुणी फाडत नाही, म्हणून त्याचा हिशेबही कुणी आधी करत नाही.

मी बीड जिल्ह्यात आशा आहे. गाव ऊसतोडीचं. हे नव्या आशांसाठी लिहिते आहे, आणि आईबाप गावाकडं ठेवून पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या लेकरांसाठीही. फोनवर "आईला दवाखान्यात ने गं ताई" म्हणणं सोपं असतं. नेमकं काय करायचं ते खाली आहे.

एकेक डोळा झाकून बघा

दोन्ही डोळे उघडे ठेवून विचारलं तर म्हातारी माणसं "दिसतंय की" म्हणतात, कारण एक डोळा दुसऱ्याला सांभाळून घेत असतो. म्हणून एक डोळा तळहातानं झाकायचा, दहा फुटांवर उभं राहायचं आणि बोटं दाखवून "किती?" विचारायचं. मग दुसरा डोळा. दहा फुटांवरून बोटं मोजता येत नसतील तर आजच कामाला लागा. मोजता येतात, पण उन्हात बाहेर पडलं की डोळे दिपतात, पैसे ओळखू येत नाहीत, सुईत दोरा जात नाही, असं असेल तरी तपासणी करून घ्याच.

"मोती पिकू द्या, मग काढू" हे ऐकू नका. पूर्वी तसं होतं. टाक्यांचं मोठं ऑपरेशन, आठवडाभर उताणं पडून राहायचं आणि पुढं जन्मभर जाड भिंगाचा चष्मा. आता डोळ्याच्या आतच लेन्स बसते, टाका लागत नाही. उलट मोती जास्त पिकला तर डोळ्यातला दाब वाढतो, डोळा ठणकतो, आणि त्यात नस गेली तर नजर कायमची जाते. मग पैसे असून उपयोग नाही.

आणि प्रत्येक धूसर डोळा मोतीबिंदूचा नसतो. कुणाला नुसता चष्मा लागतो, कुणाला काचबिंदू असतो, साखरेच्या रुग्णाचा पडदा खराब झालेला असतो. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, त्यांच्याकडं पहिली तपासणी करून घ्या. जवळच्या ठिकाणी कळलं तर लांबची फेरी वाचते. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब कुणी विकत असेल तर घेऊ नका. तसं औषध नाही.

हंगामाचा घोळ

आमच्याकडं सगळ्यात जास्त डोळे या घोळात जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दिवाळी झाली की टोळ्या निघतात. लेक, सून, हाताशी आलेला नातू, सगळे कोयता घेऊन कारखान्यावर. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. थंडीत शिबिरं लागतात, पण सोबत जायला माणूस नाही. लेकाला फडावरून बोलवावं तर मुकादम खाडा धरतो, म्हणजे रोज तर बुडतोच, वर दंड. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असताना कोण येणार? मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परत येतात. तेव्हा माणसं असतात, थोडाफार पैसाही असतो, पण घरात कुणीतरी म्हणतं, "उन्हाळ्यात डोळा करू नये, पिकतो." मग जून. पेरण्या. मग पाऊस, रस्ता नाही. मग पुन्हा दिवाळी. असे बघता बघता चार हंगाम जातात.

उन्हाळ्यात डोळा करू नये, ही समजूत त्या जुन्या टाक्यांच्या ऑपरेशनच्या काळातली. आजच्या ऑपरेशनला ऋतू नाही. डोळ्यात घाम, धूळ आणि पाणी जाऊ द्यायचं नाही, ही काळजी बारा महिने सारखीच. म्हणून ऊसतोडीच्या घरांना मी सांगते: टोळी परत आली की पहिल्या आठवड्यात तपासणी, एप्रिल-मेमध्ये ऑपरेशन. जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूचं काम वर्षभर चालतं, शिबिराचीच वाट बघायला नको. घरात दोघांनाही मोती असेल तर आजोबांचा नंबर आधी आणि आजीचा "पुढच्या वर्षी" लागतो, हे मी घरोघर बघते. तिथं मी मधे पडते. ज्याचे दोन्ही डोळे गेलेत त्याचा नंबर आधी, मग ती आजी असो की आजोबा.

हंगामातच करायची वेळ आली तर सोबतीला लेकच हवा असं नाही. ऑपरेशनला दहा-पंधरा मिनिटं लागतात, डोळ्यापुरती भूल असते, माणूस शुद्धीत असतो. सोबत्याचं काम म्हणजे हात धरणं, कागद सांभाळणं आणि डॉक्टर काय म्हणाले ते लक्षात ठेवणं. दिलेली लेक, बहीण, शेजारीण, कुणीही चालते.

पैसे कोण भरतं

फुकट म्हणजे हलकं, असं बऱ्याच जणांच्या मनात असतं. तसं नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. सरकारी दवाखान्यात त्यातून ऑपरेशन होतं आणि सेवाभावी संस्थांच्या रुग्णालयांना दर मोतीबिंदूमागं २,००० रुपये अनुदान मिळतं. एवढ्यात भागतं कसं? कारण लेन्स स्वस्त झाली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स आपल्याच देशात बनवायला घेतली, त्याआधी ती बाहेरून यायची आणि गरिबाला झेपायची नाही. आमच्या भागात मला एवढं सगळं सांगावं लागत नाही. लातूरकडच्या डॉ. तात्याराव लहानेंनी अशीच बिनटाक्याची ऑपरेशनं केली म्हटलं की म्हातारी माणसं पिशवी भरायला लागतात.

आता रस्ते. माझा पहिला रस्ता सरकारी दवाखान्याचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरलाही पैसे नाहीत आणि तपासणीलाही. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं, जसं आमचं अंबाजोगाईचं, वेगळ्या खात्याकडं येतात. तिथं केसपेपरचे थोडे पैसे जवळ ठेवा.

दुसरा रस्ता संस्थांच्या नेत्र रुग्णालयांचा. जालन्याचं गणपती नेत्रालय, उदगीरचं लायन्सचं रुग्णालय, पुण्यात हडपसरकडचं एच. व्ही. देसाई, नागपूरला महात्मे. अशा रुग्णालयांची पथकं गावात येऊन तपासतात आणि ऑपरेशनला आपल्या रुग्णालयात नेतात. शिबिर लागलं की तीन गोष्टी विचारा: ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात, नेणं-आणणं तुमच्याकडं का, आणि फेरतपासणीला पुन्हा गावात येणार का. तिन्हींची उत्तरं मिळाली तर डोळे झाकून पाठवा. शाळेच्या खोलीत तपासणी होऊ शकते, ऑपरेशन मात्र रुग्णालयाच्या थिएटरमध्येच व्हायला हवं.

तिसरा रस्ता योजनेचा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ज्यांची सत्तरी उलटली त्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. पण दवाखान्याचं नाव योजनेच्या यादीत असणं आणि तिथं मोतीबिंदू योजनेत होणं, या दोन वेगळ्या गोष्टी. निघण्याआधी १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन करा, नाहीतर त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतीला बसलेल्या माणसाला, विचारा: "मोतीबिंदू तुमच्याकडं योजनेत होतो का, आणि लेन्स त्यात धरलीय का?" हे दोन्ही विचारल्याशिवाय गाडीत बसू नका.

चौथा रस्ता फार कमी लोकांना ठाऊक आहे. मोठमोठी ट्रस्टची रुग्णालयं धर्मादाय कायद्याखाली येतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणं त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन भरती होण्याआधी तिथल्या समाजसेवकाला भेटायचं. बिल हातात पडल्यावर भेटून फारसं काही हाती लागत नाही. पुण्यात राहणाऱ्या लेकानं आईला तिकडंच नेऊन करायचं ठरवलं तर हा रस्ता त्याच्या कामाचा.

कागद

आधार, रेशनकार्ड, दोन फोटो, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या. एवढं एका पिशवीत.

अडचण कागद नसण्याची कमी, न जुळण्याची जास्त. लेक वेगळा निघाला की रेशनकार्ड त्याच्या नावावर जातं आणि म्हातारीचं नाव कुठंच राहत नाही. आधारवर एक नाव, कार्डावर दुसरं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अंगठा. आयुष्यभर उसाची मोळी बांधलेल्या हाताचा अंगठा मशीनवर उमटतच नाही. यावर उपाय म्हणजे आधारला चालू मोबाइल नंबर जोडून ठेवायचा, मग ओटीपीवर केवायसी होते. हे काम आजारपण नसताना, बाजाराच्या दिवशी आधार केंद्रावर जाऊन करून टाका. नंबर ऊसतोडीला गेलेल्या लेकाचा दिला असेल तर ओटीपी फडावर जातो आणि आपण इथं सेतू केंद्रात बसून राहतो.

परत पाठवलं जाऊ नये म्हणून

वाया गेलेली फेरी हा सगळ्यात मोठा खर्च. माणूस जिल्ह्याला जातो, शुगर वाढलेली निघते, बीपी वर असतं, डॉक्टर म्हणतात "कमी करून या." डॉक्टरांचं बरोबर असतं, पण घरचा माणूस दुसऱ्यांदा येत नाही. दोन रोज बुडवून झालेले असतात ना.

म्हणून जाण्याआधी पंधरा दिवस आपल्याच उपकेंद्रात शुगर-बीपी बघून घ्या. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात, तपासणी फुकट, गोळ्याही फुकट. शुगर जास्त निघाली तर तिथंच गोळ्या चालू करून आठवड्यानं पुन्हा बघायची. आटोक्यात आली की मगच तारीख. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती पुडी सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा, आपल्या मनानं बंद करू नका. डोळ्यातून सारखं पाणी किंवा पू येत असेल, सर्दी-खोकला असेल, दाताला किंवा पायाला जखम चिघळली असेल तर आधी ते बरं करा. खोकणाऱ्या माणसाचा डोळा कोणी उघडत नाही. दुकानातली मिश्री आणि तंबाखू पिशवीतून काढून घ्या, थिएटरच्या दारात खोकल्याची उबळ त्यानंच येते. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ घालायची, कारण पुढं बरेच दिवस डोक्यावरून पाणी नाही.

जाण्यायेण्याचा हिशेब

किमान तीन फेऱ्या धरा: तपासणी, ऑपरेशन, फेरतपासणी. एसटीत पंच्याहत्तरी पार केलेल्यांना तिकीट नाही, ६५ ते ७५ वयाला अर्धं, आणि बाईमाणसाला कुठल्याही वयात अर्धं. आधार दाखवायचं. आता धरा, जिल्ह्याचं तिकीट ८० रुपये आहे आणि आजोबा ७६ वर्षांचे आहेत. सोबत लेक गेला तर एका फेरीचे, जाऊन-येऊन, १६० रुपये. सून किंवा मुलगी गेली तर ८०. तिन्ही फेऱ्यांचे मिळून २४०. हेच जीप ठरवून केलं तर एका फेरीला अडीच-तीन हजार मागतात. जीप एकाच वेळी कामाची, ऑपरेशन करून परत येताना, आणि तीही चार रुग्णांत मिळून. मी गावातल्या तीन-चार जणांची तारीख एकत्र मागते. एक सोबती दोन म्हाताऱ्यांना सांभाळतो, रोज एकाचाच बुडतो, आणि म्हाताऱ्यांना एकमेकांचा धीर असतो. "ती आली तर मी येते" हे वाक्य मी पैशापेक्षा जास्त वेळा ऐकलंय.

डबा घरचा न्या. सोबत्याच्या जेवणाचे दीडशे-दोनशे रुपये वाचतात. हजार-दीड हजार कमी पडत असतील तर बचत गटातून अंतर्गत कर्ज घ्या, शेळी विकायची नाही आणि सावकाराच्या दारात जायचं नाही. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधारचे पैसे खात्यावर येत असतील तर ते जमा झाल्यानंतरचीच तारीख घ्या.

काउंटरवरची लेन्स

खासगी दवाखान्यात, आणि कधी कधी योजनेतल्या दवाखान्यातही, काउंटरवर विचारतात, "साधी टाकायची की चांगली?" साधी म्हटलं की आपण आईवर अन्याय करतोय असं लेकाला वाटतं. माझ्यासमोर एका ठिकाणी योजनेतल्या रुग्णाकडून "लेन्सचा फरक" म्हणून आठ हजार मागितले होते. लेकानं "हे लिहून द्या, मी आरोग्यमित्राला विचारून येतो" म्हटलं, आणि फरक मिटला.

तर ऐका. फुकटात बसते ती कडक किंवा घडीची, एका अंतराची लेन्स. दोन्ही जन्मभर टिकतात. लांबचं स्वच्छ दिसतं, पोथी वाचायला किंवा तांदूळ निवडायला जवळचा चष्मा लागतो. महागड्या लेन्सनं तो चष्मा काहीसा सुटतो, एवढाच मोठा फरक. फार पिकलेल्या मोतीला तर बिनटाक्याचं साधं ऑपरेशनच बरं पडतं असं अनेक डॉक्टर सांगतात. फेको, म्हणजे मशीननं मोती फोडून काढायचं ऑपरेशन, तेवढंच चांगलं आणि बाकी सगळं शिबिराचं, असं डोक्यात ठेवू नका.

चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्यानं निघतो. घाईनं आधी काढला तर दोनदा पैसे जातात. पासष्टीच्या पुढच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा वस्तूंसाठी ३,००० रुपये खात्यावर मिळतात. त्याचा अर्ज आधीच भरून ठेवा.

थेंब

ऑपरेशन डॉक्टर करतात, डोळा टिकतो थेंबांवर. आणि बाटली वेळेआधी संपते ती गालावर गेलेल्या थेंबांमुळं. म्हातारी उभी, नातू उभा, आजी डोळा मिचकावते, तीन थेंब गालावर, एक आत. महिन्याची बाटली दहा दिवसांत संपली की "ताई, नवी कितीला मिळंल?"

असं करा. हात साबणानं धुवा. आजीला बाजेवर उताणं झोपवा, उशी काढून घ्या. खालची पापणी बोटानं हलकेच खाली ओढा, तिथं खोबण तयार होते, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. थेंब पडला की डोळा मिटून घ्यायचा, चोळायचा नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट टेकवून दोन मिनिटं पडून राहायचं. दुसरं औषध पाच मिनिटांनी. वाचता न येणाऱ्या घरात मी एका बाटलीला लाल दोरा बांधते, दुसरीला पांढरा, आणि भिंतीवर कोळशानं दिवसाच्या रेघा मारून देते. थेंब साधारण महिनाभर तरी चालतात, हळूहळू कमी करायचे. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचे नाहीत. संपले तर आधी त्याच दवाखान्यात मागा, मग जनऔषधी दुकानात.

चुलीपुढं बसायचं नाही, शेणाला हात लावून डोळ्याला लावायचा नाही, जड उचलायचं नाही. मध, दूध, कांद्याचा रस, काहीही घालायचं नाही. डोळा लाल झाला, ठणकायला लागला, पू आला किंवा आलेली नजर कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या नाही. इथं जीप ठरवावी लागली तरी ठरवा.

काही महिन्यांनी किंवा वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं की लोक म्हणतात मोती परत आला. मोती परत येत नाही. लेन्समागच्या पडद्यावर जाळी धरते, ती लेझरनं काही मिनिटांत निघते. त्याला ना भरती, ना पट्टी. "पुन्हा ऑपरेशनचे पैसे" कुणी मागितले तर जिल्हा रुग्णालयात विचारून या.

दुसरा डोळा

एक डोळा उघडला की घरच्यांचा उत्साह संपतो. आजी चालायला लागली, शेळ्या ओळखायला लागली, झालं. म्हणून दुसऱ्या डोळ्याची तारीख पहिल्याच्या फेरतपासणीला, त्याच खुर्चीवर बसून मागून घ्यायची. तेव्हा कागदाची पिशवी हातात असते, शुगर आटोक्यात असते आणि रस्ता माहीत झालेला असतो. एप्रिलात पहिला डोळा झाला असेल तर डॉक्टर म्हणतील तसा पावसाळ्यात दुसरा होतो, आणि टोळी पुन्हा निघायच्या आत चष्म्याचा नंबरही हातात येतो.